रिकाम्या गाडीचे धक्के

माझे घाटंजीचे घरमालक माणसाकडे बघायचे ते याचं वजन किती भरेल, या नजरेनं. नवा माणूस समोर आला की नाव-गाव विचारायच्या आधी ते त्याच्या पायांकडे बघत, मग खांद्यांकडे, आणि मनाशी आकडा लावून मोकळे होत. तो आकडा बोलूनही दाखवत. पाहुण्या बायकांनाही त्यातून सूट नव्हती. त्यामुळे आमच्या वाड्यात, म्हणजे त्या दोन खोल्या, एक भट्टी आणि निंबाचं झाड एवढ्याला वाडा म्हणायचं असेल तर, पाहुण्या बायका दुसऱ्यांदा येत नसत.

ते कमानीचे मिस्त्री होते. मोटारीच्या मागच्या चाकांवर लोखंडाच्या लांब पट्ट्या एकावर एक बसवून जी कमान केलेली असते, जिच्यावर सगळ्या मालाचा भार येतो, ती बांधायची आणि दुरुस्त करायची हे त्यांचं काम. त्या पट्ट्यांना पाटे म्हणतात. ज्याला जास्त माल वाहायचा असेल तो गाडी घेऊन येई आणि मिस्त्री मोठ्या ट्रकचे जुने पाटे कापून, भट्टीत लाल करून, घणानं त्यांना बाक देऊन त्या गाडीच्या कमानीत घालत. यवतमाळला मोठमोठे गॅरेजवाले होते, तरी तिकडचे ड्रायव्हर तीस मैल खराब रस्ता तुडवून आमच्या निंबाखाली येऊन बसत. मिस्त्रींचा पाटा तुटत नाही, असं ते म्हणायचे. तो तुटलेला मीही कधी ऐकला नाही.

मी तिथे राहायला गेले ती साठ सालच्या आगेमागे. नागपूरला नर्सिंग शिकून सरकारी दवाखान्यात नुकती रुजू झाले होते. आमच्या घरानं छप्पन साली बौद्ध धर्म घेतलेला. घाटंजीत मी चार ठिकाणी खोली विचारली आणि चारही ठिकाणी बोलणं आडनावापाशी येऊन अडलं. पाचवी खोली मिस्त्रींची. ते हातात एक पाटा धरून, एक डोळा मिटून त्याचा बाक बघत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सामान किती हाय?"

"एक ट्रंक आणि एक वळकटी."

"ट्रंकेत काय?"

"कपडे. आणि पुस्तकं."

"पुस्तकं जड असतात," ते म्हणाले. "माळ्यावर नका ठेवू. माळा कच्चा हाय."

एवढ्यावर मला खोली मिळाली. आडनाव त्यांनी विचारलं नाही. पुढे लोकांनी त्यांना ते मुद्दाम येऊन सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "बरं," आणि घण उचलला.

काम करताना त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. लाल झालेला पाटा ते जळालेल्या ऑइलात बुडवत तेव्हा काळा धूर सगळ्या अंगणात पसरे आणि माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या साड्यांना वास लागे. मग तो पाटा पुन्हा जरासा तापवून त्यावर निंबाची कोरडी काडी घासत. काडीतून अमुक इतकी ठिणगी निघाली की पाटा उतरवायचा. ती ठिणगी त्यांच्याशिवाय कुणाला ओळखता येत नसे. त्या वेळी शेजारी कुणी खोकललं तरी ते पाटा फेकून देत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. ड्रायव्हर लोक त्या अर्ध्या मिनिटात श्वास धरून बसलेले मी पाहिले आहेत.

आणि हा माणूस स्वतः मोटारीत बसत नसे. यवतमाळला जायचं झालं तर बैलगाडीनं. जवळचं काम असेल तर पायी. कारण विचारलं की म्हणत, "मले माहीत हाय ना खाली काय चालू असते ते."

आल्या गाडीला ते पहिला प्रश्न विचारत तो मालाचा नसे. "रिकामी कितीक चालते?" असं विचारत. ड्रायव्हर गोंधळत. आम्ही भार वाढवायला आलोय, रिकामीचं काय? मग मिस्त्री चिडत. "भरल्या गाडीचं सारेच पुसते. रिकाम्या गाडीत बसनाऱ्याचं कोनी पुसत नाई. पाटे वाढवले का गाडी ताठ होते. माल असला त पाटा वाकते, गाडी डोलत जाते. माल नसला त वाकते कायले? तवा साराच दनका बसनाऱ्याच्या हाडात जाते." हे भाषण मी आतल्या खोलीत बसून इतक्या वेळा ऐकलं की मला पाठ झालं होतं. त्यात एका शब्दाचाही फरक पडत नसे.

त्यांची बायको मी यायच्या कितीतरी आधी गेली होती. एक मुलगी, सुभद्रा. तिला महागावकडे दिली होती. सणावाराला यायची, आली की आठ-पंधरा दिवस राहायची, आणि तेवढे दिवस ते अंगण बोलतं व्हायचं. सुभा बापाला उलटून बोलायची. अख्ख्या घाटंजीत ते धाडस करणारी ती एकटीच. "बाबा, बाईच्या साड्या काया करून ठेवल्या तुमी. उद्यापासून तुमीच धुवा," असं ती एकदा म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी खरोखरच माझी साडी धुवायला घेतली. मी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली. ती लहान असताना दर दिवाळीला ते तिला धान्याच्या काट्यावर बसवत आणि भट्टीमागच्या भिंतीवर कोळशानं वजन लिहून ठेवत, हे तिनंच मला सांगितलं. लग्नाच्या वर्षापर्यंतचे आकडे तिथे होते. "लग्नाच्या साली मी बसतच नव्हती काट्यावर," ती हसत म्हणाली, "त मले उचलूनच बसवलं. दारात नवरदेवाकडचे मानसं उभे."

माझ्याहून दोन वर्षांनी लहान होती ती.

आता एका पिकपचं सांगते. गावात कापसातून सरकी काढायचं जिन चालवणाऱ्या शेठनी लढाईच्या वेळची, लष्करानं लिलावात काढलेली एक छोटी मोटार घेतली होती. पुढे दोघांपुरती जागा, मागे उघडा हौदा. तिच्यातून त्यांना सरकीची पोती न्यायची होती. कापूस फुगीर असतो, सरकी वजनाला भारी. भारानं गाडी खाली बसायची. तेव्हा शेठ मिस्त्रींकडे आले आणि म्हणाले, दोन्हीकडे तीन-तीन पाटे वाढवा.

मिस्त्री म्हणाले, "एकेक टाकतो."

"तीन टाका."

"शेठ, तीन टाकले त रिकाम्या गाडीत मानूस बसू शकनार नाई."

"मानूस कायले बसते? सरकी बसनार हाय."

मिस्त्रींनी तीन पाटे टाकले. शेठचा आग्रह होता हे खरं, पण पुढे त्यांनी स्वतःच मला सांगितलं की आग्रहासाठी टाकले नाहीत. तसले पाटे तसल्या लहान गाडीत बसवून दाखवायची त्यांना हौस होती. चार दिवस ते त्या कामावर होते. जेवायची आठवण मी करून द्यायची. काम झाल्यावर मात्र ते अडून बसले. शेठनी मागच्या हौद्यात बसून नदीपर्यंत जाऊन आल्याशिवाय गाडी देणार नाही म्हणाले. शेठ कशाला बसतात. शेवटी त्यांचा दिवाणजी बसला. नदीवरून परत आला तेव्हा त्याला दोघांनी धरून उतरवावं लागलं. कंबर धरून तो निंबाखाली बसला आणि अर्धा तास कुणाशी बोलला नाही. लोक हसले. शेठही हसले, आणि गाडी घेऊन गेले.

गाडीवर लालसिंग नावाचा ड्रायव्हर होता, जवळच्या बंजारा तांड्यावरचा. त्याच्या आजोबा-पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून नेलेलं, तो मोटारीतून सरकी नेत होता. भला माणूस. दवाखान्यातला एखादा रुग्ण यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचा असला आणि आमच्या डॉक्टरांची जीप दौऱ्यावर असली, तर शेठना विचारून लालसिंग ती पिकप घेऊन यायचा. एस. टी. सकाळी एकदाच जायची. दुसरं वाहन गावात नव्हतं.

अशीच एकदा मी एका म्हाताऱ्याला घेऊन त्या रिकाम्या पिकपमधून गेले. आतडं उतरलेलं होतं त्याचं. प्रत्येक खड्ड्याला तो माझ्या हाताला घट्ट धरत होता आणि ओरडत होता. तीस मैल तो ओरडत होता. परत आल्यावर मी रागानं मिस्त्रींना म्हणाले, "हे काय करून ठेवलंत तुम्ही? तुमच्या त्या पाट्यांनी माणूस मरायचा वाटेत."

त्यांनी नेहमीचं भाषण केलं नाही. त्या दिवशी त्यांनी भट्टी लवकर विझवली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात सुभा बाळंतपणाला आली. दुसरी खेप होती, पहिलं मूल सातव्या महिन्यातच गेलेलं. ती बापाकडे मुद्दाम माझ्यामुळे आली होती. "बाई घरातच हायेत," असं सासरी सांगून. मी तिला दर आठवड्याला तपासत होते.

आठवा महिना उलटला आणि एका बाजाराच्या दिवशी, दुपारी जेवण करून ती भांडी घासायला बसली, ती उठली तेव्हा खाली रक्त होतं. दुखत नव्हतं काहीच. ती मला म्हणाली, "बाई, हे काय हो?" मला काय ते कळलं. वार मुलाच्या वाटेत खाली आली होती. असं रक्त सुरू झालं की ते कधी थांबतं, कधी थांबत नाही, आणि त्यावर आमच्या दवाखान्यात इलाज नव्हता. डॉक्टर जीप घेऊन लस टोचायच्या दौऱ्यावर गेलेले. एस. टी. सकाळीच गेलेली.

मी लालसिंगला बोलावणं पाठवलं. तो पिकप घेऊन दहा मिनिटांत दारात आला. गाडी रिकामी होती.

मिस्त्री गाडीकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे वळले. "बाई, रगत कायनं वाढते?"

"हालचालीनं. धक्क्यानं."

"मंग या गाडीत नाई नेता येत तिले."

"दुसरी गाडी नाही, मिस्त्री."

"पाटे काढाले तीन घंटे लागते," ते स्वतःशीच म्हणाले. "हळू हाकली त रात होते." आणि एकदम ओरडले, "लालसिंग! गाडी जिनात घे. वजन भरू. वीस पोते सरकी भरली का पाटे वाकते. मंग पाह्य कशी चालते ते."

मी म्हणाले, "वेळ नाही. आत्ता निघायला हवं."

"अर्धा घंटा द्या मले. अर्धा घंटा."

आता इथे मला थांबून सांगायला हवं की मी त्यांना तो अर्धा तास दिला. मी नर्स होते. सरकारी माणूस म्हणून लालसिंगनं माझं ऐकलं असतं. मी "चल" म्हणाले असते तर तो निघाला असता. पण मला तो म्हातारा आठवला, तीस मैल ओरडणारा, आणि मिस्त्री म्हणतात ते खरं आहे हे मला माझ्या हाडांवरून माहीत होतं. मी मान हलवली.

जिनाला कुलूप होतं. बाजाराचा दिवस, हमाल बाजारात, चावी असलेला रखवालदारही बाजारात. मिस्त्री तिथून धावत बाजारात गेले. साठीचा माणूस धोतराचा सोगा हातात धरून भाजी-माळव्याच्या दुकानांमधून पळतोय आणि "वजन पायजे, वजन पायजे" म्हणतोय. लोकांना त्यांचा स्वभाव माहीत होता, काही हसले. लालसिंगनं मग खरं काय ते सांगितलं. मग दहा-बारा माणसं आली, रखवालदारही सापडला. पोती वाहायला मिस्त्री स्वतः होते. वीस पोती दोन थरांत आडवी लावून, त्यावर गाद्या टाकून गाडी दारात आली तेव्हा पन्नास मिनिटं झाली होती. सुभाला मी पायाखाली उशा देऊन निजवून ठेवलं होतं. रक्त मंद झालं होतं, पण थांबलं नव्हतं.

मिस्त्री गाडीत चढले. त्यांना मोटारीत बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आणि गाडी खरोखर डोलत चालली. तोच रस्ता, तेच खड्डे, पण पोत्यांवर आम्ही नुसते वर-खाली होत होतो, जसं पाण्यावर. मिस्त्री हौद्याच्या कडेवर पोट टेकून, खाली वाकून पाट्यांकडे बघत होते आणि टपावर थाप मारून लालसिंगला सांगत होते, आता जोरात, आता दमानं. सुभानं डोळे उघडले. म्हणाली, "बाबा, पाळन्यावानी चालून राह्यली गाडी."

त्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. मी त्या माणसाला इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. मुलगी रक्त जाऊन पांढरी पडत होती आणि बापाच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि मला त्याचं काहीच वाईट वाटलं नाही. मलाही वाटत होतं, पोचतो आता.

यवतमाळ पाच-सहा मैलांवर असताना रक्त पुन्हा सुरू झालं. धक्का बसला नव्हता. आपोआप सुरू झालं. मी माझ्याजवळचे सगळे कपडे लावले. दवाखान्याच्या फाटकात शिरलो तेव्हा ती बोलत होती, माझ्याकडे पाणी मागत होती. आत नेल्यावर पाव तासानं गेली. मूल पोटातच गेलं होतं.

तिथले डॉक्टर बाहेर आले, हात पुसत. वयस्कर, थकलेले गृहस्थ होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अर्धा तास आधी आणलं असतं तर बघता आलं असतं." आणि दुसऱ्या रुग्णाकडे गेले.

मिस्त्री ओसरीच्या टोकाला भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांच्याकडे जाईपर्यंत पंधरा पावलं असतील. त्या पंधरा पावलांत मी ठरवलं.

"दागदर काय म्हने?" त्यांनी विचारलं.

"म्हणाले, वाटेत धक्के बसले नाहीत म्हणून इथपर्यंत तरी पोचली."

त्यांनी मान डोलावली. एकदा, दोनदा. "धक्का लागू देल्ला नाई," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी जावई आला, सासरचे आले, गाव आलं. सगळे रडत होते. मिस्त्री रडले नाहीत. येईल त्याला ते सांगत होते, "पोरीले एक धक्का लागू देल्ला नाई. दागदरनं सोताच सांगतलं." ऐकणारे माझ्याकडे बघत आणि मी मान हलवत होते. मला वाटत होतं, एवढं तरी या माणसाजवळ राहू दे. त्याचं काय बिघडतं.

बिघडलं ते दोन-तीन महिन्यांत दिसायला लागलं. दवाखान्यासमोर रुग्णासाठी पिकप उभी राहिली की मिस्त्री भट्टी सोडून हजर. "वजन भरलं का?" ताप आलेलं पोर असो, हात मोडलेला माणूस असो. आधी दहा पोती तरी टाका, मग निघा. लोकांनाही ते पटू लागलं होतं. डॉक्टरनंच सांगितलंय म्हणतात. जिनाजवळ ओसरीत रुग्णांच्या गाडीसाठी म्हणून मिस्त्रींनी रेतीची पोती शिवून रचून ठेवली होती. बहुतेक वेळा त्यानं नुकसान होत नव्हतं, उलट रुग्ण सुखानं जात होते. पंधरा-वीस मिनिटं उशीर व्हायचा, इतकंच. मी बघत होते आणि गप्प होते. वर्षभर मी गप्प होते.

दुसऱ्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत एका मजूर बाईला शेतात साप चावला. तिशीची असेल. तिच्या नवऱ्यानं तिला पाठुंगळी घेऊन आणलं. मी बघितलं तेव्हा तिच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या, जीभ जड झाली होती. नागच असावा. त्यावरची लस यवतमाळलाच होती. आमचे डॉक्टर त्या दिवशी होते, पण जीप बिघडलेली होती; ते म्हणाले, ताबडतोब घेऊन निघा. लालसिंग पिकप घेऊन आला. आम्ही तिला आत ठेवलं, आणि पुढे बघते तर मिस्त्री गाडीसमोर दोन्ही हात पसरून उभे.

"वजन भरल्याबिगर गाडी हालू देनार नाई."

"मिस्त्री, हिला धक्क्यानं काही होत नाही. हिला विष चढतंय. बाजूला व्हा."

"रेतीचे पोते तयार हायेत. वीस मिनिटं लागते. बाई, तुमालेच त सांगतलं होतं दागदरनं!"

लालसिंग त्यांना ओढायला उतरला. ते हलेनात, घण मारणारे हात होते ते. लोक जमले. आणि त्यातला एकजण म्हणाला, "भरा ना जी दहा पोते, बुढा म्हनते त." ते ऐकलं आणि मला दिसलं की हे सगळं मी उभं केलं आहे.

मी गाडीतून उतरले. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मी खोटं सांगितलं होतं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. अर्धा तास आधी आणलं असतं तर सुभाचं बघता आलं असतं, असं म्हणाले होते. तो अर्धा तास आपण पोती भरण्यात घालवला, मिस्त्री. आता हिचा घालवू नका."

त्यांचे हात खाली आले. ते बाजूला झाले. लालसिंगनं गाडी काढली तेव्हा मी मागे बघितलं नाही.

ती बाई वाचली. चार दिवसांनी नवऱ्याबरोबर चालत घरी गेली.

मला वाटलं होतं, खोली सोडा म्हणतील. तसं काही म्हणाले नाहीत. मी परत आले तेव्हा अंगणात माझी वाळलेली साडी घडी करून दाराशी ठेवलेली होती, आणि ते आपल्या खोलीत होते. पण त्यानंतर त्यांनी पाटे वाढवायचं काम घेतलं नाही. यवतमाळचे ड्रायव्हर येत, निंबाखाली बसत, विनवण्या करत आणि परत जात. ते बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवून देत, विळ्या-कुऱ्हाडींना धार लावून देत. रेतीची पोती जिनाजवळ तशीच फुटून गेली. वजन मात्र त्यांनी पुन्हा कुणाचंही सांगितलं नाही. नवा माणूस आला तर ते त्याच्या चेहऱ्याकडे बघत, आणि तेही फार वेळ नाही. माझ्याशी पाणी, दिवाबत्ती, दाराची कडी एवढंच बोलत. मी त्या अंगणात आणखी वर्षभर राहिले. का राहिले ते मला सांगता येणार नाही. दुसरीकडे खोली मिळाली असती एव्हाना.

मग माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी सामान बांधत होते तेव्हा ते माझ्या दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेरच बसले.

"बाई, एक पुसू?"

"विचारा ना."

"त्या दिशी गाडीसमोर बोल्ल्या तुमी. ते मले हटवासाठी बोल्ल्या, का दागदर खरंच तसं म्हने?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते अंगणाकडे बघत होते. हटवण्यासाठीच बोलले, असं मी म्हटलं असतं तर त्यांनी ते मानलं असतं. त्यासाठीच ते आले असतील, असंही मला वाटलं. पण माझ्याच्यानं पुन्हा ते झालं नाही.

"खरंच म्हणाले," मी म्हणाले. "जसे म्हणाले तसेच शब्द मी सांगितले. पण रिकाम्या गाडीत नेली असती तर ती त्यांच्यापर्यंत पोचलीच असती का, ते डॉक्टरांना माहीत नव्हतं. मलाही माहीत नाही, मिस्त्री. मी फार विचार केलाय त्याचा. नाही माहीत. आणि अर्धा तास मी दिला होता तुम्हाला. तुम्ही एकट्यानं नाही घेतला."

त्यांनी उंबऱ्यावरची धूळ तळहातानं एका बाजूला सारली. मग म्हणाले, "तवाच सांगाले पायजे होतं, बाई."

"हो."

"तवा सांगतलं असतं त मी तिच्याजोळ बसून रडलो असतो. जावई होता, सोयरे होते, गाव होतं. सारेच रडत होते. मी एकटाच नाई रडलो. मी लोकायले सांगत फिरलो, धक्का लागू देल्ला नाई म्हनून." ते थांबले. "आता कोनापाशी रडू?"

मी वळकटी सोडून त्यांच्याजवळ उंबऱ्यावर जाऊन बसले. ते रडले नाहीत. आम्ही दोघं तसेच बसून होतो. ऊन अंगणात बरंच पुढे आलं, तेव्हा ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि कुणाच्या तरी कुऱ्हाडीला धार लावायची राहिली होती ती लावायला गेले.

त्यानंतर तीस वर्षं मी नोकरी करते आहे, निरनिराळ्या गावी. घाटंजीला पुन्हा जाणं झालं नाही. ते कधी गेले तेही मला कुणी कळवलं नाही. दवाखान्याच्या ओसरीत माणूस भिंतीला टेकून उभा असतो आणि विचारतो, बाई, डॉक्टर काय म्हणाले? मी डॉक्टरांचे शब्द असतील तसे सांगते. माझ्या हाताखालच्या मुली मला कठोर म्हणतात, ते माझ्या कानावर आलं आहे. सांगून झाल्यावर मी तिथून जात नाही. वॉर्डात कितीही कामं पडलेली असली तरी, त्या माणसाचं रडून होईपर्यंत मी त्याच्याजवळ थांबते.